डबल बेल मिळाल्याशिवाय

मी भित्रा आहे असं माझी बायको म्हणते. मी सावध आहे असं माझं म्हणणं आहे. या एका मुद्द्यावर लग्न झाल्यापासून आमचं एकमत झालेलं नाही. रस्ता ओलांडताना मी एकीकडे बघतो, मग दुसरीकडे बघतो, तेवढ्यात पहिल्या बाजूने काही नवीन येत नाही ना म्हणून परत बघतो. तोवर बायको पलीकडे जाऊन, भाजी घेऊन, परत आलेली असते. आता याला भित्रेपणा म्हणायचं का? मला विचाराल तर ही दूरदृष्टी आहे. दूरदृष्टी होती म्हणूनच मी मनुष्यबळ खात्यात चिकटलो. म्हटलं, इथे कुणाचं काही बिघडत नाही, कुणाचं काही सुधारत नाही, आपण सुखरूप निवृत्त होऊ.

मग टंचाई आली. कशी आली ते मला विचारू नका. मी त्याच खात्यात असल्यामुळे मला काही माहिती नाही. एवढं खरं की कामाला माणसंच मिळेनाशी झाली. नळ गळायला लागला तर प्लंबर पुढच्या ऋतूतली तारीख द्यायचा. केस कापायला जावं तर दुकानात न्हावी सोडून सगळे बसलेले. आमच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली ती तिथेच राहिली, आणि जिना चढणारी माणसं तिच्याकडे बघून दम घेऊ लागली. शेवटी सरकार जागं झालं. सरकार जागं झालं की मी फायलींमागे दडतो, कारण डोळे उघडल्यावर ते आधी आमच्याच खात्याकडे बघतं.

एकेक उपाय जाहीर होऊ लागले. प्रशिक्षणं आखूड झाली. काल जो शिंपी होता तो आज गवंडी म्हणून भिंतीवर चढू लागला. भंगारात काढलेल्या बसगाड्या रंग लावून परत रस्त्यावर आल्या. निवृत्त माणसांना पुन्हा कामावर बोलवायचं ठरलं. इथपर्यंत माझी काही हरकत नव्हती. पण एका सकाळी आमच्या साहेबांनी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की सुरुवात आपल्या घरापासून व्हायला हवी. खात्यातल्या प्रत्येकाने एक निवृत्त कुशल माणूस कामावर परत आणायचा. ज्याला जमणार नाही, त्याला खातं स्वतःच एखाद्या रिकाम्या जागेवर पाठवील. साहेब हे हसत हसत बोलले. साहेबांच्या हसण्याची मला पहिल्यापासून भीती वाटते.

आमच्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ होते. प्रत्येक गोष्टीत शंका काढायचे, म्हणून आम्ही त्यांना शंकासुर म्हणायचो. त्यांनी याही वेळी शंका काढली, माणूस काही आणला नाही, आणि त्यांची रवानगी झाली ती सरळ इस्पितळाच्या शवागारात. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. काम शांततेचं आहे म्हणाले, कुणी तक्रार करत नाही, फक्त गार फार असतं. मी फोन ठेवला तेव्हा माझेच हात गार पडले होते. त्या दिवसापासून मला जेवण जाईना. ताटात गार झालेली भाजी समोर आली तरी मला शंकासुर दिसायचे.

आता आप्पांबद्दल सांगायला हवं. आप्पा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच राहतात. आयुष्यभर त्यांनी बस चालवली आणि गाडीला साधा ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. निवृत्त झाल्यावर ते आमच्या खिडकीत बसून खालच्या रस्त्यावरची वाहतूक चालवायचे. हा आता वळणार, हात दाखवणार नाही, बघा, दाखवला? नाहीच दाखवला. असं दिवसभर चालायचं. एकदा त्यांच्याकडे बघता बघता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. निवृत्त आहेत, कुशल आहेत, आणि घरातच आहेत. दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या कानावर त्यांचं नाव घातलं. घरी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखी वेळच आली नाही असं मी स्वतःला समजावलं.

आठवड्याच्या आत आप्पांना बोलावणं आलं. मला वाटलं होतं ते चिडतील, या वयात कसलं काम म्हणतील. तर त्यांनी शर्टाची सगळी बटणं लावली, अगदी गळ्याजवळचंसुद्धा, आणि ताठ बसले. म्हणाले, "एवढी माणसं निवृत्त झाली, पण खात्याने मला शोधून काढलं." बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, हो, शोधूनच काढलं असणार. हे वाक्य तोंडातून गेलं आणि तिथून माझ्या आयुष्यातली शांतता संपली. कारण आप्पा त्याच पावली इमारतभर सांगत सुटले. आता खरं काय ते त्यांना कळलं तर काय होईल? म्हाताऱ्या माणसाला आपली आठवण ठेवली गेली यासारखा आनंद नसतो, आणि तो आनंद माझ्या थापेवर उभा होता.

शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. खालच्या मजल्यावर एक विमा एजंट राहतात. त्यांना आम्ही विमेवाले म्हणतो. माणूस मनाने चांगला आहे, पण त्याला कुणाचंही चांगलं चाललेलं बघवत नाही. लगेच त्यात काय काय होऊ शकतं ते सांगतो. ते घरी येऊन माझ्या कानाशी म्हणाले की या वयात छातीत कळ केव्हा येईल सांगता येत नाही, आणि ती चढावर आली तर गाडी मागे येते, उतारावर आली तर पुढे जाते. वरच्या काकूंनी विचारलं की सपाट रस्त्यावर आली तर? त्यावर विमेवाले विचारात पडले. दोघांनी चहा घेतला. माझा चहा बशीत सांडला.

वैद्यकीय तपासणीची मला फार आशा होती. कुठेतरी काहीतरी निघेल, आप्पांना मानाने नाकारतील आणि माझ्या नावावर प्रयत्न तरी जमा होईल. पण तिथेही टंचाई. डोळे तपासले, ते लख्ख. रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला. हे डॉक्टरांनी मुद्दाम माझाही बघून सांगितलं, कारण मी खुर्चीत नीट बसलेला दिसत नव्हतो. कान तपासणाऱ्याची जागा रिकामी होती, तेव्हा कान ठीक आहेत असं धरून चालायचं ठरलं. आप्पा पास झाले.

पहिल्या दिवशी आप्पा गाडीवर चढले, गाडी सुरू केली, आणि गाडी जागची हलेना. बिघाड काही नव्हता. आप्पा बेलची वाट बघत होते. जुनी गाडी, छताला दोरी, दोरीच्या टोकाला ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटा. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. पण कंडक्टर मिळत नाहीत म्हणून सरकारने कंडक्टरच रद्द केलेले. ड्रायव्हरने एकट्याने सगळं करायचं. आप्पांना हे पटेना. डबल बेल म्हणजे मागे बघणाऱ्या माणसाने दिलेला शब्द, की कुणाचा पाय पायरीवर नाही, कुणी अर्धवट लटकत नाही. तो शब्द मिळाल्याशिवाय त्यांनी आजवर गाडी हलवली नव्हती. प्रवाशांनी दोरी ओढून बघितली. आप्पांनी मान वळवून सांगितलं की प्रवाशाने दिलेली बेल ही बेल नसते. डेपो मॅनेजरने हात जोडले. एक बाई म्हणाल्या, बाबा, मी चालत गेले असते तर पोचले असते.

बातमी साहेबांपर्यंत गेली. त्यांनी मला बोलावलं, हसले, आणि म्हणाले, "माणूस तुम्ही आणलाय, बेलही तुम्हीच द्या." तात्पुरती व्यवस्था म्हणून. सरकारी व्यवहारात तात्पुरती या शब्दाने किती माणसं म्हातारी झाली आहेत हे मला चांगलं ठाऊक आहे. ज्या कामाच्या भीतीने मी सासऱ्यांना पुढे केलं, ते काम खांद्याला कंडक्टरच्या पिशवीचा पट्टा लावून माझ्या गळ्यात पडलं. आप्पा मात्र खूश. जावई मागे आहे म्हणजे मागची काळजी नाही, असं त्यांनी डेपोत सगळ्यांना सांगितलं.

आमचा मार्ग टेकडीवर जाणारा होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मधोमध मी, दोरीला लटकलेला. प्रत्येक वळणावर मी डोळे मिटायचो आणि मनातल्या मनात बायकोची माफी मागायचो. पण खरी परीक्षा शेवटच्या थांब्यावर. तिथे रस्ता संपतो. गाडी वळवायची तर ती मागे घेत घेत दरीकडच्या कठड्यापर्यंत न्यावी लागते, आणि कठडाही अर्धा ढासळलेला, कारण गवंडी नाहीत. आता मागे घेताना कंडक्टरने खाली उतरून गाडीच्या मागे, एका कडेला उभं राहायचं आणि पत्र्यावर थापा मारायच्या. दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक थाप म्हणजे थांबा. रोज मी पाठीशी दरी आणि तोंडासमोर गाडी घेऊन उभा राहायचो. बाजूच्या आरशात आप्पांचे डोळे दिसायचे. मी हाताने थापा मारायचो. गाडी कठड्याच्या हातभर अलीकडे अचूक थांबायची आणि आप्पा शीळ वाजवायचे. त्यांची ती शीळ ऐकून मला वाटायचं, चला, निदान हा माणूस सुखात आहे.

हे असंच निभावलं असतं. पण साहेबांना माझं कौतुक करायची लहर आली. देशाची गरज ओळखून ज्याने स्वतःच्या सासऱ्यांना कामावर पाठवलं तो आदर्श कर्मचारी, असं त्यांनी एका वर्तमानपत्राला सांगितलं. मी कानावर हात ठेवले, नको म्हटलं, साहेबांना तो विनय वाटला. एका सकाळी माझा फोटो छापून आला. मला त्याचा पत्ताच नव्हता. मी आपला नेहमीसारखा डेपोत गेलो, बेल दिली, निघालो. फक्त आप्पा त्या दिवशी काही बोलले नाहीत. शीळही नाही. वळणं त्यांनी जरा जोरात घेतली असं मला वाटलं, पण मला सगळीच वळणं जोरात घेतल्यासारखी वाटतात.

शेवटच्या थांब्यावर उतरून मी गाडीच्या मागे निघालो, तेवढ्यात बायकोचा फोन आला. तिचा आवाज एवढा शांत होता की माझी पाचावर धारण बसली. म्हणाली, "आप्पांना सगळं कळलंय. विमेवाल्यांनी सकाळी फाटकाशी पेपर वाचून दाखवला. ते माझ्याशी एक शब्द न बोलता डेपोत गेले." पुढे ती काय म्हणाली ते मी ऐकलं नाही. कारण सवयीने माझ्या हाताने पत्र्यावर दोन थापा मारल्या होत्या आणि गाडी मागे यायला लागली होती.

तुम्ही म्हणाल, बाजूला का झाला नाहीत? अहो, बाजूला झालो असतो तर आरशात आप्पांची नजर भेटली असती, आणि ती झेलायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी उलटा सरकलो. आरशात दिसू नये म्हणून गाडीच्या अगदी मधोमध जाऊन उभा राहिलो. थापा मारत राहिलो. मग कठडा जवळ आला तशी एक थाप मारली. गाडी थांबली नाही. आणखी एक मारली, जोरात. गाडी येतच राहिली. पाठीला कठडा लागला. त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. मला वाटलं, आप्पा मुद्दाम करताहेत. मला हेही वाटलं की त्यांचं काही चुकत नाही. मी दोन्ही मुठींनी पत्रा बडवायला लागलो आणि ओरडायला गेलो तर बोबडी वळलेली. मागून कठड्याचा एक दगड सुटला आणि खाली गेला. तो कुठे आपटल्याचं मला ऐकूच आलं नाही.

गाडी थांबली तेव्हा पत्रा माझ्या पोटाला टेकला होता. मी श्वास आत घेतला होता तो सोडायला जागा नव्हती. आप्पा उतरून धावत मागे आले. या वयात त्यांना धावताना मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी मला तसं अडकलेलं बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा फटक पडला. ते तसेच परत गेले आणि गाडी हातभर पुढे घेतली. बेल नाही, थाप नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाच्या शब्दाशिवाय गाडी हलवली.

मग आम्ही दोघं गाडीच्या पायरीवर बसलो. प्रवासी खाली उतरून लांबून आमच्याकडे बघत होते. आप्पांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. मी म्हणालो, आप्पा, ते पेपरातलं. ते समोर बघत म्हणाले, "थाप मारलीत तुम्ही?"

मी म्हणालो, कितीतरी मारल्या.

"मला लांबचं ऐकू येत नाही हो, जावईबापू. पुढची घंटा डोक्याशीच वाजते, ती कळते. मागची थाप मला एक दिवससुद्धा कळलेली नाही. मी आरशात तुमच्याकडे बघून गाडी मागे घेतो. आज तुम्ही आरशातून गेलात. मला वाटलं बाजूला झाला असाल. मग एकदम वाटलं, हा माणूस घाबरट आहे, सांगितल्याशिवाय जागा सोडायचा नाही. म्हणून ब्रेक दाबला."

मला घाबरट म्हटल्याचा त्या दिवशी मला अजिबात राग आला नाही. त्यांना पेपराबद्दल विचारायचं धाडस मात्र मला होईना, तेच बोलले. सकाळी वाईट वाटलं म्हणाले. फार वाईट वाटलं. सगळ्यांना सांगून बसलो होतो ना. खाली दरीत एक पक्षी ओरडत होता, तो त्यांना ऐकू येत असेल का असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

"पण एका परीने बरं झालं," आप्पा म्हणाले. "खात्याने बोलावलं असतं तर खात्याला नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. तुम्ही नाव दिलंत ना? मग तुम्हीच काढून घ्या. मला रोज फार भीती वाटते."

आमच्या घरात घाबरायचं काम माझ्याकडे आहे असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. माझ्यापुढे बसून, शीळ वाजवत, हा म्हातारा माझ्याहून जास्त घाबरत होता, आणि कुणाला सांगू शकत नव्हता. मला रडू आलं. प्रवाशांसमोर, खांद्याला पट्टा असताना. मी हो म्हणालो.

आप्पा आता गाडी चालवणार नाहीत असं डेपोला कळवलं, तर दुसरा ड्रायव्हर नाही असं उत्तर आलं. प्रवासी मागच्या गाडीने गेले. आम्ही दोघं रिकाम्या गाडीत तिन्हीसांजेपर्यंत बसून राहिलो, आणि शेवटी डेपो मॅनेजर स्वतः येऊन, सरकारला शिव्या घालत, गाडी खाली घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभा राहिलो तेव्हा शवागाराचा गारवा मला आधीच जाणवत होता. नाव परत घेण्याचं कारण त्यांनी विचारलं. कानांचं सांगितलं असतं तर ओरखडा न आलेल्या माणसाची डेपोत बहिरा ड्रायव्हर म्हणून आठवण राहिली असती. मी म्हणालो, "साहेब, आमच्या घरी माणसांची टंचाई आहे. आप्पा घरी लागतात." साहेब हसले. मग त्या बदल्यात तुम्ही, म्हणाले. दोन जागा होत्या. एक शंकासुरांच्या शेजारची. दुसरी त्याच टेकडीच्या गाडीवर, कायमची, कारण प्रवाशांना आता कंडक्टर हवासा झाला होता. नवीन ड्रायव्हर आखूड प्रशिक्षणातून आलेला. आधी काय करायचा असं मी विचारलं. केक सजवायचा म्हणाले.

शवागारात निदान कुणी गाडी मागे घेत नाही, हे माझ्या चटकन लक्षात आलं होतं. पण आदल्या रात्री बायकोने इमारतीत सांगून टाकलं होतं की खात्याला दोघांपैकी एकालाच ठेवता येणार होतं, तेव्हा आप्पांनी मोठ्या मनाने आपली जागा जावयाला दिली. वरच्या काकूंनी त्यावर आप्पांचं कौतुक केलं होतं आणि आप्पा पुन्हा ताठ बसले होते. आता त्यांनी दिलेली जागा सोडून मी शवागारात कसा जाणार? मी टेकडी घेतली. विमेवाले मला जिन्यात भेटले, माझा हात हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले, आणि पॉलिसीचं काही बोलले नाहीत. त्याने मी जास्त घाबरलो.

नव्या कामाच्या सकाळी आप्पा माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. माझ्या खांद्यावरचा पट्टा त्यांनी नीट केला, तो नीटच होता तरी. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी माझं कोपर घट्ट धरलं.

"मागे उभे राहाल तेव्हा लपू नका," ते म्हणाले. "आरशात दिसत राहा. थाप त्याला ऐकू येईलच असं नाही."